वाचकांचे प्रश्न: पुष्पचक्र कोणाला, कोठे आणि कसे वाहावे?

पुष्पचक्राविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: आमच्या गावातील हुतात्मा जवानाच्या स्मारकावर दरवर्षी स्मृतिदिनी ग्रामपंचायतीतर्फे पुष्पचक्र वाहिले जाते. यंदा कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे आहे. चक्र कोणत्या फुलांचे असावे, ते आधी कोणी वाहावे, वीरमातेच्या हातून वाहिले तर चालेल का, आणि वाहताना नेमके काय करायचे असते?
— निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर: वीरमातेपासून सुरुवात करू. शासकीय इतमामातील अंत्यविधीत पुष्पचक्रे कोणत्या क्रमाने वाहायची हे लष्कराचे अधिकारी आणि जिल्हा प्रशासन ठरवतात आणि तेथे हुद्द्याचा क्रम पाळला जातो. परंतु गावाने स्वतःहून योजलेल्या स्मृतिदिनाला असा कोणताही क्रम बंधनकारक नाही. त्यामुळे पहिले पुष्पचक्र वीरमाता, वीरपिता किंवा वीरपत्नी यांनी वाहावे आणि सरपंच, पाहुणे, माजी सैनिक यांनी त्यांच्यामागून यावे, हेच उचित होय. पाहुणे उशिरा येणार म्हणून घरच्या माणसांना उन्हात तिष्ठत ठेवण्याचा जो प्रकार अशा कार्यक्रमांत पाहायला मिळतो, तो तेवढा आपण कटाक्षाने टाळावा.

विधीचा नमुना हवा असेल, तर दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरील विधी डोळ्यांपुढे ठेवावा. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले, आणि प्रजासत्ताक दिनाच्या संचलनापूर्वी पंतप्रधान जे पुष्पचक्र १९७२ पासून इंडिया गेटखालच्या अमर जवान ज्योतीपाशी वाहत असत, ते २०२० पासून येथे वाहिले जाऊ लागले. तेथे गणवेशातील जवान पुष्पचक्र घेऊन संथ पावलांनी पुढे जातात आणि वाहणारी व्यक्ती त्यांच्यामागून चालते. चक्र जागेवर ठेवल्यावर ती त्याला हात लावून ते नीट करते, दोन पावले मागे सरते आणि स्तब्ध उभी राहते. मग सलामी पथक बंदुका उलट्या करून शोकशस्त्र करते, बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ची धून वाजते, मौन पाळले जाते आणि दुसऱ्या धुनेने ते संपते. आपल्या गावात बिगुल नसेल तर त्याची उणीव ध्वनिफितीने भरून काढण्यापेक्षा निखळ मौन पाळलेले बरे. राष्ट्रीय छात्र सेनेची दोन मुले किंवा मुली चक्र वाहून नेण्यासाठी मिळाल्या, तर फार चांगले. हात उचलून सलाम गणवेशधाऱ्यांनीच करावा आणि इतरांनी हात जोडावेत किंवा नुसते उभे राहावे. पादत्राणे काढण्याचा आपला रिवाज गावकऱ्यांनी अवश्य पाळावा. मात्र गणवेशातील माणसांकडून त्याची अपेक्षा ठेवू नये.

आता फुलांविषयी. पांढरीच फुले हवीत असा नियम नाही. निशिगंध आणि पांढरी शेवंती सोज्ज्वळ दिसतात म्हणून फूलवाले ती सुचवतात, इतकेच. आपल्या शिवारात झेंडू बहरला असेल तर त्याचे चक्र करण्यात काहीही गैर नाही. बांबूच्या कामट्यांचे दोन-अडीच फूट व्यासाचे कडे करावे, त्याला भाताचा पेंढा सुतळीने घट्ट गुंडाळावा, त्यावर पानांचा थर आणि मग फुले बांधावीत. चक्र शक्यतो त्याच दिवशी पहाटे बांधावे आणि कार्यक्रम होईपर्यंत ओल्या फडक्याखाली सावलीत ठेवावे. तिरंगी रंगसंगती शोभून दिसते, पण मधोमध अशोकचक्र काढून त्याला राष्ट्रध्वजाचे रूप देऊ नये, कारण संध्याकाळपर्यंत ते कोमेजणार आणि दुसऱ्या दिवशी कोणाला तरी ते उचलून टाकावे लागणार. तिरंग्यात लपेटलेल्या शवपेटीला पुष्पचक्र वाहण्याचा दुर्दैवी प्रसंग एखाद्या गावावर येतो, तेव्हाही ते ध्वजावर न ठेवता पेटीच्या पायथ्याशी टेकवून ठेवावे.

प्रश्न: आमच्या संस्थेत एका थोर पुरुषाच्या जयंतीनिमित्त उत्साही तरुणांनी त्यांच्या पुतळ्याला पुष्पचक्र वाहिले. त्यावर काही ज्येष्ठ सभासद संतापले आणि हा अपशकुन असल्याचे म्हणाले. चूक कोणाची?
— ग्रंथालयाचे कार्यवाह, जालना

उत्तर: अपशकुन मुळीच नाही; औचित्यभंग म्हणायचा तर किंचितसा. पुतळ्याला किंवा प्रतिमेला हार आणि समाधीला, स्मृतिस्तंभाला किंवा पार्थिवाला पुष्पचक्र, अशी आपल्याकडील सार्वजनिक वहिवाट आहे. सरकारी प्रसिद्धिपत्रके वाचली तरी तिचा प्रत्यय येतो: जयंतीच्या बातमीत ‘प्रतिमेस पुष्पहार अर्पण करून अभिवादन’ असते आणि हुतात्मा चौकाच्या बातमीत ‘पुष्पचक्र वाहून आदरांजली’ असते. याचे साधे कारण असे की हार गळ्यात घालण्याची वस्तू आहे. जेथे गळा आहे, निदान चौकट आहे, तेथे तो शोभतो, आणि जेथे नुसता दगड, चौथरा किंवा ज्योत आहे तेथे टेकवून ठेवता येईल अशी वस्तू लागते.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी की निर्णय तिथीपेक्षा जागेवर अधिक अवलंबून असतो. राजघाट ही समाधी असल्यामुळे तेथे परदेशी पाहुणे वर्षातून कोणत्याही दिवशी पुष्पचक्र वाहतात. मुंबईच्या हुतात्मा चौकात २१ नोव्हेंबरला, म्हणजे १९५५ साली ज्या दिवशी गोळीबार झाला त्या दिवशी, पुष्पचक्र वाहिले जाते, आणि १ मे या आनंदाच्या दिवशीही वाहिले जाते. महाराष्ट्र दिनाला शोक कशाला, असे तेव्हा कोणी म्हणत नाही, कारण १०६ हुतात्म्यांचे ऋण मानल्याशिवाय तो दिवस साजरा होऊच शकत नाही. (या स्मारकाशेजारी १८६४ मध्ये बांधलेले जे कारंजे आहे, त्यावरील फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवता. हा योगायोग जाता जाता नोंदवतो.)

आपल्या ज्येष्ठ सभासदांना आणखी एक गोष्ट नम्रपणे सांगावी. ज्या हाराला ते मंगल मानतात, तोच भिंतीवरच्या छायाचित्राला घातला की ती व्यक्ती हयात नाही असे पाहुणा समजतो. आणि तोच हार लग्नात वधू-वर एकमेकांना घालतात. तरुणांना पुढच्या वर्षी हार आणायला सांगावे आणि वाद मिटवावा.

प्रश्न: माझी मुलगी गोव्यात असते. गेल्या जूनमध्ये शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने आम्हाला सांजांवच्या सणाला नेले आणि माझ्या नातवाच्या डोक्यावर पानाफुलांचे गोल चक्र घातले. माझ्या सासूबाईंनी छायाचित्र पाहिले आणि त्या फार अस्वस्थ झाल्या. पुष्पचक्र डोक्यावर घालणे अशुभ आहे का?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर: सासूबाईंची काळजी समजण्यासारखी आहे, कारण आपल्या बहुतेक घरांत पुष्पचक्र दिसते ते फक्त बातम्यांत आणि अंत्ययात्रेत. परंतु नातवाच्या डोक्यावर होते ते ‘कोपेल’, आणि त्याचा मृत्यूशी दुरान्वयानेही संबंध नाही. उलट तो जन्माचा सण आहे.

सांजांव म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचा जन्मदिवस. तो २४ जूनला, म्हणजे नाताळच्या सहा महिने आधी येतो. बायबलातील कथा अशी आहे की येशूची आई मरिया गरोदर असताना आपली नातलग एलिझाबेथ हिला भेटायला गेली, आणि तिचे अभिवादन कानी पडताच एलिझाबेथच्या उदरातील बाळाने, म्हणजे योहानाने, आनंदाने उडी मारली. गोव्यातील तरुण या दिवशी विहिरीत, तळ्यात आणि ओढ्यांत उड्या मारतात त्या या उडीच्या आठवणीने, आणि योहान नदीच्या पाण्यात बाप्तिस्मा देत असे म्हणून. घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर गाणी म्हणत टोळ्या घरोघर फिरतात, ज्या घरात वर्षभरात लग्न झाले आहे किंवा मूल जन्मले आहे त्या घराचे विशेष कौतुक होते, आणि नव्या जावयाला सासुरवाडीला बोलावून त्याचा मान केला जातो. शिवोलीला सजवलेल्या होड्यांमधून लोक येतात. एरवी जावयाच्या कौतुकासाठी धोंड्याच्या महिन्याची वाट पाहणाऱ्या आपल्या घरांना हा सण परका वाटण्याचे कारण नाही.

कोपेल विकतच आणले पाहिजे असे नाही. पहिल्या पावसाने कुंपणावर चढलेल्या वेली, रानातली पाने आणि अंगणातली फुले गुंफून ते घरच्या घरी करतात, आणि हौशी माणसे त्यात एखादे फळही अडकवतात. ते दिवसभर पावसात आणि विहिरीत भिजते व संध्याकाळपर्यंत विस्कटून जाते. म्हणूनच कारखान्यातून आलेली प्लास्टिकच्या फुलांची कोपेले डोक्यावर पाहिली की मला वाईट वाटते: ज्या पावसाने आणलेली पानेफुले मिरवायची, तोच पाऊस त्यांना नुसता धुऊन जातो.

जूनच्या या दिवसांत डोक्यावर फुलांचे चक्र घालणे केवळ गोव्यापुरते नाही. स्वीडनमध्ये मध्योन्हाळ्याच्या सणाला मुली आणि बायका रानफुलांचे मुकुट करून घालतात, आणि युक्रेनमध्ये इवान कुपालाच्या रात्री मुली आपली चक्रे पाण्यात सोडतात व ती कोणत्या दिशेने तरंगत जातात यावरून लग्नाचा अंदाज बांधतात. आपल्याकडे तर डोक्यावर फुले घालण्याला कधीच हरकत नव्हती. अंबाड्याभोवती गोल माळलेली शेवंतीची वेणी किंवा अबोलीचा वळेसर हेही चक्रच नव्हे काय? सासूबाईंनी स्वतःच्या लग्नातले छायाचित्र एकदा पाहावे, म्हणजे त्यांची समजूत पटेल.

प्रश्न: ऑलिंपिकमधील विजेत्याच्या डोक्यावर पानांचे चक्र ठेवत असत आणि मृतासाठीही चक्रच वाहतात. एकाच वस्तूला असे परस्परविरोधी अर्थ कसे आले?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

उत्तर: हा प्रश्न प्राचीन ग्रीकांनाही पडला होता, आणि त्यांच्याच इतिहासातील एका प्रसंगात त्याचे उत्तर आहे. ग्रीकांच्या चार मोठ्या क्रीडामेळ्यांत विजेत्याला धातूचे पदक मिळत नसे. त्याला पानांचे चक्र मिळे, आणि ते कोणत्या झाडाचे हे प्रत्येक ठिकाणी ठरलेले असे. ऑलिंपियाला रानटी ऑलिव्हचे, डेल्फीला लॉरेलचे, नेमियाला रानटी सेलरीचे, आणि इस्थमियाला पाइनचे व काही काळ सेलरीचे. ही सेलरी म्हणजे हल्ली आपल्या बाजारात सूपसाठी मिळते त्याच भाजीचे रानटी रूप. गंमत अशी की ग्रीक लोक थडग्यांवरही याच सेलरीची चक्रे वाहत असत, आणि नेमियाचा क्रीडामेळा तर एका अर्भकाच्या मृत्यूच्या स्मरणार्थ सुरू झाला अशी त्यांची श्रद्धा होती.

इ.स.पूर्व चौथ्या शतकात टिमोलिऑन नावाचा सेनापती सिसिलीत कार्थेजच्या बलाढ्य सैन्यावर चाल करून निघाला असता, वाटेत सेलरीच्या भाऱ्यांनी लादलेली खेचरे समोर आली. थडग्यावरचे पान लढाईच्या तोंडावर दिसले म्हणून सैनिकांचे धैर्य खचले. टिमोलिऑनने सैन्य थांबवले, इस्थमियाच्या विजेत्यांना याच पानांचा मुकुट घालतात याची त्यांना आठवण करून दिली आणि तिथल्या तिथे सेलरीचे चक्र करून स्वतःच्या डोक्यावर घातले. मागोमाग अधिकाऱ्यांनी घातले, मग सैनिकांनी, आणि पुढची लढाई त्यांनी जिंकली. प्लुटार्क या चरित्रकाराने ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. पान तेच होते. ते थडग्यावर आहे की मस्तकावर, एवढ्यानेच सारा फरक पडला.

गोल आकाराला आदी-अंत नसतो, म्हणून तो चिरंतनाचे प्रतीक, आणि सदाहरित पाने हिवाळ्यातही झडत नाहीत, म्हणून तीही चिरंतनाचीच, असे स्पष्टीकरण सर्वत्र दिले जाते आणि ते खरेही आहे. परंतु विजेत्याची कीर्ती आणि मृताचा आत्मा या दोहोंना ते सारखेच लागू पडते, हे त्यात सहसा सांगितले जात नाही. रोमन लोकांनी तर चक्रांची उतरंडच लावली होती. विजययात्रेतील सेनापतीला लॉरेलचे चक्र मिळे आणि युद्धात सहनागरिकाचा जीव वाचवणाऱ्याला ओकच्या पानांचे. पण सर्वांत दुर्मीळ सन्मान होता तो वेढ्यात सापडलेले सैन्य सोडवणाऱ्या सेनापतीला मिळणाऱ्या चक्राचा, आणि तो सोन्याचा नसून सुटका झालेल्या सैनिकांनी त्याच रणभूमीवरून उपटलेल्या गवताचा असे. आधुनिक ऑलिंपिकमध्ये २००४ साली अथेन्सला पदकविजेत्यांच्या डोक्यावर पुन्हा ऑलिव्हची चक्रे आली, ती या जुन्या प्रथेला अनुसरूनच.

प्रश्न: इंग्लंडमधील आमच्या गावात नोव्हेंबरच्या स्मरण रविवारी युद्धस्मारकावर सर्व संस्था लाल पॉपीची कागदी चक्रे वाहतात. आमच्या मराठी मंडळालाही बोलावणे आले आहे. आम्ही झेंडूचे चक्र नेले तर ते विसंगत ठरेल का?
— वाचक, लेस्टर

उत्तर: संयोजकांना आधी कळवा आणि खुशाल न्या. लाल पॉपी ही अफूच्या झाडाची जवळची नातलग, पण अफू नव्हे. तिचे बी जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि माती उलथली की उगवते. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी बेल्जियम व उत्तर फ्रान्समधील जमीन अशी काही उलथली गेली की सैनिकांच्या थडग्यांवरच ती फुलली, आणि १९२१ पासून ब्रिटनमध्ये ती स्मरणाची खूण झाली.

झेंडूलाही या स्मरणात आता स्थान मिळाले आहे. त्या महायुद्धाच्या शताब्दीच्या वर्षांत दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया या संस्थेने भारतीय सैनिकांच्या स्मरणासाठी झेंडूचे फूल पुढे आणले. ते फूल त्या सैनिकांना परके नव्हते, हे त्यामागचे कारण मला पॉपीच्या कारणाइतकेच बिनतोड वाटते. त्या युद्धात ७०,००० हून अधिक भारतीय सैनिक मरण पावले. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर ज्यांना थडगेही लाभले नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधील, मोहिमेत होत्या. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या एकाच गावातील ४६ जण त्या युद्धात कामी आले, आणि त्या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द आजही लागतो. मंडळाच्या चक्राला जी पट्टी लावाल, तिच्यावर या गावाचा उल्लेख करता आला तर पाहा.

झेंडू हे सणाचे फूल, ते शोकाला कसे चालेल, अशी शंका मंडळातच कोणी काढली, तर झेंडू मुळात मेक्सिकोकडचा आहे आणि तेथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांच्या स्वागतासाठी याच फुलांच्या पाकळ्यांची वाट घालतात, हे त्यांना सांगावे.

प्रश्न: नाताळात दारावर लावण्याचे हिरवे चक्र मुलांनी हौसेने आणले आहे. ते सण संपल्यावर काय करावे? आणि पुष्पचक्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या थर्माकोलवर बंदी आहे ना?
— गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, ठाणे

उत्तर: दारावरचे ते चक्र स्वागताचे आहे, ते लावण्यात संकोच नको. त्याच्याच कुळातले आगमनकाळाचे, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या काळातले, चक्र मात्र आडवे ठेवतात. त्याची आजची पद्धत हॅम्बुर्गमधील योहान हिनरिक विचेर्न या धर्मोपदेशकापासून सुरू झाली. अनाथाश्रमातील मुले ‘नाताळ कधी?’ म्हणून सारखी विचारत, तेव्हा १८३९ मध्ये त्याने गाडीच्या चाकावर रविवारांसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावून त्यांना दिवस मोजायची सोय करून दिली. आज त्यातल्या चारच मेणबत्त्या उरल्या आहेत. आपले चक्र प्लास्टिकचे असेल तर ते जपून ठेवावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावावे. ते टाकण्याचा विचारच करू नये.

थर्माकोलविषयी आपली माहिती बरोबर आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तरीही फूलबाजारात त्याची कडी सर्रास मिळतात. फुले खोचण्यासाठी जो हिरवा, पाणी शोषणारा ठोकळा वापरतात, तोही कुजत नाही. त्याचा भुगा मातीत आणि पाण्यात तसाच राहतो. मागणी नोंदवतानाच बांबू व पेंढ्याचे कडे, सुतळी आणि सुती पट्टी असे स्पष्ट सांगावे. दादरच्या किंवा ठाण्याच्या बाजारातील जुने कारागीर ते बांधून देतात. कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या माणसाने चक्र उचलावे, पट्टी, तार आणि टाचण्या वेगळ्या काढाव्यात, फुले-पाने ओल्या कचऱ्याच्या खतात टाकावीत आणि कडे पुढच्या वेळेसाठी कोरड्या जागी टांगून ठेवावे. चक्र खाडीत किंवा तलावात विसर्जित करू नये.